इंजिनच्या सेन्सरच्या नळ्या: घरी विमान बांधणाऱ्या नवख्यांसाठी

गराजमध्ये विमान बांधायला घेतलं की शेजारीपाजारी पंख बघायला येतात, शेपटी बघायला येतात, कॉकपिटमध्ये बसून फोटो काढतात. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या आगरोधक पत्र्याच्या, पुढे असलेल्या बोटाएवढ्या जाड नळ्या बघायला कोणी येत नाही. तपासणीला येणारे मात्र पहिल्यांदा तिथेच टॉर्च मारतात.

हा लेख त्या नळ्यांबद्दल आहे. तेलाचा दाब, पेट्रोलचा दाब आणि मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीतला) दाब, हे तीन आकडे इंजिनपासून सेन्सरपर्यंत पोचवणाऱ्या नळ्या. माझं विमान व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधलं आरव्ही-७ आहे आणि इंजिन लायकमिंगचं कार्ब्युरेटरवालं ओ-३६०, चार सिलिंडरचं, १८० अश्वशक्तीचं. उदाहरणं त्याचीच देतो. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल तर विमान ‘प्रायोगिक’ म्हणून नोंदवता येतं, त्यामुळे अशी हजारो विमानं इथे उडतात. आपल्याकडे ही वाट बिकट आहे. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडलं. पण नळी कांदिवलीत बसवा नाहीतर अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, ती गळते त्याच कारणांनी.

आधी डोक्यात एक चित्र पक्कं करा

सेन्सरची नळी म्हणजे बंद गल्ली. तिच्यातून काही वाहत नाही. एका टोकाला इंजिनातलं तेल, दुसऱ्या टोकाला सेन्सरचा पडदा, आणि मधलं तेल जागच्या जागी उभं राहून फक्त दाब पोचवतं. म्हणून ही नळी बारीक चालते. तिच्या तोंडाशी सुईच्या जाडीचं भोक ठेवलं तरी आकडा बरोबर येतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. सेन्सर बिघडला तर तुम्हाला आकडा दिसणार नाही, इंजिन मात्र फिरत राहील. नळी तुटली तर सगळं तेल त्या गल्लीतून बाहेर जाईल, आणि पेट्रोलची नळी असेल तर ते थेट तापलेल्या एक्झॉस्टवर. म्हणजे आपण मोजण्याच्या हौसेपायी धडधाकट इंजिनाला तीन नवी भोकं पाडतोय. पुढची प्रत्येक पायरी या भोकांची भरपाई करण्यासाठी आहे.

जुन्या विमानांत तांब्याची बारीक नळी थेट कॉकपिटमधल्या घड्याळापर्यंत, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीपर्यंत, आणत. तांबं थरथरीने कडक होतं, मग तडकतं, आणि गरम तेल वैमानिकाच्या गुडघ्यावर. आता सेन्सर फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूलाच राहतो आणि आत येतात त्या फक्त वायरी. जुनं घड्याळ स्वस्तात मिळतंय म्हणून मोहात पडू नका.

सेन्सर इंजिनावर नको, फायरवॉलवर

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, सेन्सर इंजिनाच्या भोकातच फिरवून बसवला तर नळीची कटकटच नाही. दिसायला सुटसुटीत, पण घातक. सेन्सर वजनदार असतो. तो पितळेच्या एल्बोवर, त्यावर टी, त्यावर अडॅप्टर असा मनोरा करून टांगला की इंजिनाची थरथर मुळाशी असलेल्या आट्यांना सतत वाकवत राहते. काही तासांनी किंवा काही महिन्यांनी आट्याच्या पहिल्या खाचेत तडा जातो. फणस खोडाला धरतो, फांदीच्या टोकाला नाही. तेवढं शहाणपण आपणही दाखवावं.

म्हणून फायरवॉलवर ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा बसवतात. त्यात तीन स्वतंत्र पोकळ्या असतात. प्रत्येकीत एका बाजूने नळी येते आणि दुसऱ्या बाजूला सेन्सर बसतो. फायरवॉलचा स्टेनलेस पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, तेव्हा मागच्या बाजूने आधाराची पट्टी किंवा एखादी उभी कड बघूनच भोकं पाडा. ठोकळ्याची जागा ठरवताना बॅटरी, तेलाचा कूलर, काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडल्यावर हात कुठून जाईल, हे सगळं पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून आधी बघा. मी तीनदा हलवला. तिसऱ्यांदा पाना फिरवायला जागा मिळाली.

ठोकळ्यावर बसणारे सेन्सर दिसायला जुळे भाऊ असतात. एक ० ते १५ पीएसआयचा (दर चौरस इंचाला पाउंड), एक ० ते १५० चा, आणि फरक फक्त अंगावर छापलेल्या बारीक नंबरात. ओ-३६० मध्ये तेलाचा दाब नेहमीच्या उड्डाणात ५५ ते ९५ पीएसआय असतो, थंड इंजिन सुरू करताना ११५ पर्यंत चालतो. कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब मात्र अर्धा ते आठ पीएसआय एवढाच. १५ वाला सेन्सर चुकून तेलाला लावला तर पहिल्याच स्टार्टला कामातून गेला म्हणून समजा. पिशवीतून काढल्या काढल्या मार्करने मोठ्या अक्षरात ‘तेल’ आणि ‘पेट्रोल’ लिहून टाका. मी मराठीतच लिहिलं; तपासणीवाल्याने विचारलं, मी सांगितलं, तो हसला.

आटे ओळखा, दोन्ही जातींचे

इथे नवख्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून जरा थांबतो.

या नळ्यांवर दोन प्रकारचे जोड येतात. पहिला निमुळता पाइप आटा, एनपीटी. इंजिनाची भोकं आणि सेन्सर यांवर बहुधा १/८ इंची एनपीटी असतो, इंचाला २७ आटे. हा आटा स्वतःच पाचरीसारखा घट्ट होतो आणि आट्यांमधल्या फटी भरायला त्याला सीलंट लागतो. दुसरा फ्लेअरचा जोड, ज्याला एएन म्हणतात. हे नाव अमेरिकेच्या लष्कर-नौदलाच्या जुन्या मानकावरून आलं. यात आटे सरळ असतात, त्यांचं काम फक्त दाबून धरणं. गळती थांबते ती ३७ अंशांचा शंकू त्याच कोनाच्या बसकीवर दाबला गेल्यामुळे, धातूवर धातू. इथे सीलंटला काही काम नाही. लावलात तर त्याचा कचरा आत जातो.

एएन ८१६ नावाचं सरळ फिटिंग आणि एएन ८२२ नावाचं काटकोनी फिटिंग हे या दोन जातींचं लग्न लावतात: एका टोकाला पाइप आटा, दुसऱ्या टोकाला फ्लेअर. पुढचा आकडा सोळांशात. ‘चार’ म्हणजे ४/१६, अर्थात पाव इंची नळी. निळी फिटिंगं ॲल्युमिनियमची. काळी किंवा सोनेरी झाक असलेली पोलादी. इंजिनावर पोलादीच घ्या. फायरवॉलवर निळं चालतं.

मोटारीच्या दुकानात मिळणारा फ्लेअर ४५ अंशांचा असतो. तो एएनच्या बसकीवर फिरतो, घट्टही वाटतो आणि नंतर गळतो. तसाच दगा आपल्याकडची फिटिंगं देतात. नागदेवीला, म्हणजे मुंबईतल्या हार्डवेअरच्या बाजारात, जे पितळी फिटिंग हातात मिळतं ते बहुधा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइप आट्याचं असतं. १/८ बीएसपीला इंचाला २८ आटे, एनपीटीला २७. एकाच आट्याचा फरक! म्हणून दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो, आणि माणूस पान्याला जोर लावतो. भारतातून कोणी प्रेमाने फिटिंगं पाठवली तर त्यांना शोकेसमध्ये जागा द्या.

माझे बाबा दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये फिटर होते. व्हिडिओ कॉलवर मी सेन्सर बसवताना त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “अरे, पांढरी टेप गुंडाळ ना.”

“नाही चालत बाबा इथे. टेपचा तुकडा आत गेला तर भोक बुजतं.”

“मग सफेदा-सुतळी?” आणि स्वतःच हसले. मग म्हणाले, “बरं, एक ऐक. आटा हाताने लागला पाहिजे. पान्याने लागतोय म्हणजे चुकतोय.”

याहून चांगला नियम मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

पाइप आटा बसवण्याची रीत

आटे सॉल्व्हंटने पुसा. पेट्रोल आणि तेल दोन्हींत टिकणारा सीलंट घ्या. बरेच जण लॉकटाइट ५६७ वापरतात, मीही. टोकाकडचे एक-दोन आटे कोरडे सोडा आणि तिसऱ्यापासून पातळ थर लावा. ब्रशवर मोहरीएवढा थेंब पुरतो. हाताने फिरवत न्या, मग पान्याने साधारण दीड-दोन फेरे. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात पोलादी आटा घालताना हात आवरता घ्या, कारण पाचर म्हटल्यावर ठोकळा फुटतोच.

काटकोनी फिटिंगला तोंडही योग्य दिशेला हवं. घट्ट होत होत ते दिशेला आलं की थांबायचं. पुढे गेलं तर मागे फिरवायचं नाही; मागे फिरवलेला निमुळता आटा गळतो. आणखी एक फेरा झेपत असेल तर द्या, नाहीतर काढा, पुसा आणि दुसरं फिटिंग लावून बघा. तीच जात, तोच आकार, पण आट्यांची सुरुवात थोडी वेगळी असते आणि काम होऊन जातं.

सेन्सर नेहमी त्याच्या षटकोनी भागावर पाना लावून फिरवा. वरच्या डब्याला धरून फिरवलात तर आतला जोड सुटतो. तुमचा सेन्सर एकाच वायरीचा असेल तर त्याचं अर्थिंग अंगातूनच होतं, म्हणजे ठोकळा ते फायरवॉल अशी विजेची वाटही नीट हवी. तीन वायरींच्या सेन्सरला ही भानगड नाही.

सुईच्या जाडीचं भोक

इंजिनावर तेलाची नळी निघते तिथे, म्हणजे मागच्या ॲक्सेसरी केसवरच्या भोकात, साधं फिटिंग लावायचं नाही. रिस्ट्रिक्टरवालं लावायचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आत डोकावलं तर रिस्ट्रिक्टरमध्ये सुमारे एक मिलिमीटरचं भोक दिसतं. नळी तुटली तर तेल धो धो न जाता बारीक धारेने जातं, आणि जवळचं विमानतळ गाठायला वेळ मिळतो. पेट्रोलच्या दाबाच्या नळीलाही तेच, आणि तिथे तर जास्तच गरजेचं. शिवाय पंपाचे हिसके या भोकात विरतात, त्यामुळे कॉकपिटच्या पडद्यावरचा आकडा नाचत नाही.

रिस्ट्रिक्टर इंजिनाच्या टोकाला. सेन्सरच्या टोकाला लावलात तर नळी तुटल्यावर त्याचा उपयोग शून्य. आणि तो फक्त बंद गल्लीत. पेट्रोलचा प्रवाह मोजणारा सेन्सर बंद गल्ली नाही. कार्ब्युरेटरला जाणारं सगळं पेट्रोल त्यातून जातं. प्रॉपेलरचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरची नळीही तशीच. तिथे रिस्ट्रिक्टर लावणं म्हणजे स्वतःच इंजिनाचा गळा दाबणं. फिटिंगांच्या डब्यात रिस्ट्रिक्टर वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर लाल खूण करा.

नळी आणि तिचा रस्ता

इंजिन रबरी गाद्यांवर बसलेलं असतं. चालू होताना आणि विशेषतः बंद होताना ते चांगलं गदागदा हलतं. म्हणून इंजिन ते फायरवॉल या दरीत कडक ॲल्युमिनियमची नळी कधीच नाही, लवचिक होजच. आत टेफलॉन, वर स्टीलची जाळी आणि त्यावर नारिंगी आगरोधक बाही, असा होज तयार आणि दाबावर तपासून मिळतो. स्वतः टोकं बसवायची हौस असेल तर ती गराजमधल्या कॉम्प्रेसरच्या पाइपवर भागवा.

लांबी मोजायला मी कपडे वाळत घालायची दोरी वापरली. दोन्ही फिटिंगं दिशेला लावून झाल्यावर दोरी खऱ्या रस्त्याने न्या, वळणं सैल ठेवा आणि वर थोडी ढील द्या. दाब आल्यावर होज किंचित आखडतो. ताणून बसवलेला होज फिटिंगला ओढत राहतो. होजच्या अंगावर छापलेली सरळ रेघ असेल तर ती जोड आवळल्यावरही सरळच दिसली पाहिजे. जिलबीसारखी फिरली असेल तर होजला पीळ पडलाय. नट सैल करा, होज दुसऱ्या पान्याने धरा, पुन्हा आवळा.

रस्ता ठरवताना तीन गोष्टींना भ्या: एक्झॉस्टची धग, घासणं आणि वायरी. पेट्रोलची नळी वायरींच्या खालून न्या, वरून नको. गळालं तर पेट्रोल वायरींवर पडता कामा नये. आधाराला रबर लावलेले ॲडेल क्लॅम्प वापरा. हे क्लॅम्प बसवताना मराठीतल्या सगळ्या शिव्यांची उजळणी होते. क्लॅम्प आधी चिमटा-पक्कडने दाबा, सेफ्टी वायरने बांधून बंद ठेवा, मग स्क्रू घाला आणि वायर कापून ओढून घ्या. इंजिन माउंटच्या, म्हणजे इंजिन धरणाऱ्या सांगाड्याच्या, नळीला प्लॅस्टिकची टाय बांधू नका. मऊ दिसते, पण तिच्याखाली धूळ अडकते आणि थरथरीबरोबर ती करवतीसारखी माउंटची पोलादी नळी खाते.

फ्लेअरचा नट आवळण्याआधी शंकूवरून बोट फिरवा. नखाला ओरखडा लागला तर फिटिंग बदला. आट्यांवर तेलाचा एक थेंब, शंकू कोरडा आणि स्वच्छ. पाव इंची मऊ ॲल्युमिनियमच्या नळीला ४० ते ६५ इंच-पाउंड टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो. होजसाठी बनवणाऱ्याचा आकडा घ्या. पाना इंच-पाउंडचाच आहे ना, हे बघा. फूट-पाउंडात तोच आकडा बारा पट होतो. आवळून झाल्यावर नटावरून फिटिंगवर रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते.

मॅनिफोल्डची नळी

ही सोपी, कारण इथे बाहेर काही गळत नाही. उलट हवा आत शिरते. लायकमिंगमध्ये उजवीकडच्या मागच्या, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरच्या इनटेकवरून ती बहुधा घेतात. सेन्सर त्या भोकापेक्षा उंच ठेवा, म्हणजे आत साचलेलं पेट्रोल ओघळून परत जाईल. इंजिन बंद असताना या सेन्सरने बाहेरचा हवेचा दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला पाऱ्याचे सुमारे ३० इंच आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी. बंद इंजिनाला तो आकडा चुकला तर दोष वायरीत किंवा सेटिंगमध्ये शोधा, नळीत नाही.

पहिल्या स्टार्टच्या आधी

आता माझी फजिती. काउलिंग काढून, दोर बांधून, आगीचं नळकांडं हातात घेऊन मित्र उभा, आणि मी किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्याच फेऱ्याला लागलं. तेलाचा दाब शून्य. दहा सेकंद, शून्य. वीस, शून्य. तीस सेकंदांत दाब दिसला नाही तर इंजिन बंद करायचं, हे पाठ होतं म्हणून बंद केलं, पण हात थरथरत होते. नव्या इंजिनाच्या बेअरिंगा कोरड्या फिरल्या असतील का, हाच विचार डोक्यात.

इंजिनकडचं फिटिंग काढलं आणि उजेडाकडे धरलं. एक मिलिमीटरच्या भोकातून पलीकडचं काही दिसेना. आत पांढरट, वाळलेला सीलंटचा कण, तांदळाच्या कणीएवढा. पहिले दोन आटे कोरडे ठेवायचे सोडून मी टोकापासून लोण्यासारखा थापला होता. तेलाचा दाब इंजिनात व्यवस्थित होता, फक्त मला कळत नव्हता. पिनने कण काढला, फिटिंग धुतलं, रीतसर बसवलं.

खरी चूक त्याच्या आधीची होती: मी नळीतली हवा काढण्याची पायरी गाळली होती. ती अशी. वरचे स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. सेन्सरकडच्या टोकाचा नट सैल करा, खाली फडकं धरा. स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, मधे त्याला थंड होऊ द्या. बुडबुडे संपून तेल पाझरू लागलं की नट आवळा. पुन्हा फिरवल्यावर पडद्यावर दाब चढताना दिसला पाहिजे. मी हे केलं असतं तर तेल आलंच नसतं, आणि बुजलेलं भोक शांतपणे, इंजिन चालू न करता सापडलं असतं.

पेट्रोलच्या नळीसाठी इलेक्ट्रिक पंप लावा आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू टेकवून बघा. विमानाचं १०० एलएल पेट्रोल निळं असतं, गळती कितीही बारीक असली तरी वाळल्यावर निळा डाग मागे राहतो.

पहिली पाच मिनिटं चालवून बंद केल्यावर, मग पहिल्या तासानंतर, मग दहाव्या तासाला काउलिंग काढून रंगाच्या रेघा, क्लॅम्प आणि होजचं घासणं बघा. क्लॅम्पच्या रबरात चकचकीत पट्टा दिसला तर होज तिथे हलतोय. तेलाचा ओलावा दिसला तर लगेच आवळू नका. आधी पुसा, पुन्हा चालवा, आणि नक्की कुठून येतंय ते बघा. माझ्याकडे ज्या नटावर संशय होता तो कोरडा होता. तेल त्याच्या वरच्या प्लगमधून ओघळत होतं.